म्हातारपण करून देणाऱ्या मंदाकाकू

सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना आली आणि सव्वासातला कुणीतरी विचारलं की जिन्यात चपलांचं स्टँड ठेवलं तर चालेल का. या दोन मेसेजच्या मध्ये मंदाकाकूंच्या मुलीने, जयश्रीने, एक ओळ टाकली होती. ‘आई आज पहाटे झोपेतच गेली. अकरा वाजता नेणार.’ मी तेव्हा बोरिवलीला लेकीकडे होतो. ती ओळ मी दोनदा वाचली आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आज टाकी धुणार म्हणजे अकराला नळाला पाणी नसेल, जयश्रीला बादल्या भरून ठेवायला सांगायला हवं... माणूस गेल्याचं कळतं तेव्हा डोकं असं भलतंच काहीतरी धरून बसतं. टॅक्सी करून मुलुंडला पोहोचलो तर दारातच जयश्री भेटली. रडून डोळे सुजलेले, पण मला बघून हसली. म्हणाली, “आईने बजावून ठेवलं होतं हं. चेहऱ्याला पावडर लावायची नाही. म्हणायची, ऐंशी वर्षांचं काम आहे माझं, वरून काहीतरी फासून खराब करू नका.” आणि त्या घरात, त्या प्रसंगी, आम्ही दोघंही हसलो. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या.

मंदाकिनी परब हे नाव वाचकांनी कधी ऐकलं असण्याची शक्यता नाही. नाटकाच्या जाहिरातीत ते कधी आलं नाही. पण मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ज्यांनी हौशी रंगभूमीवर धडपड केली, बँकांच्या एकांकिका स्पर्धा, कारखान्यांतली कामगार नाटकं, शाळांची गॅदरिंग, मंडळांचे गणपती, त्यांच्यातल्या जुन्या माणसांना विचारा. नायिका नटवायची असेल तर दहा जण होते. म्हातारा किंवा म्हातारी करायची असेल, तर एकच निरोप जायचा : परबबाईंना बोलवा. आमच्यासाठी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाकाकू.

त्या मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या, नवरा गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा परबकाकांना मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली आणि काकू गिरगावात विगांच्या दुकानात लागल्या. जाळीवर सुईने एकेक केस गुंफायचं काम. आठ वर्षं त्यांनी तेच केलं. एकदा घाटकोपरच्या एका शाळेत गॅदरिंगला विग पोहोचवायला गेल्या, तर रंगभूषा करणारा माणूस आलाच नव्हता आणि मुख्याध्यापक घामाघूम होऊन फिरत होते. नववीतल्या एका मुलाला नायकाच्या म्हाताऱ्या बापाचं काम होतं. तुम्ही विग आणलेत ना, मग तेवढं तोंडही रंगवा, असं काकूंना सांगण्यात आलं. त्यांनी आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. त्यांनी डोळे मिटून आपल्या सासऱ्यांचा चेहरा आठवला आणि तो त्या पोराच्या तोंडावर जसाच्या तसा उतरवला. नाटक संपल्यावर त्या मुलाची आई आत आली आणि माझा मुलगा कुठे आहे, त्याचं काम कापलं का, म्हणून भांडायला लागली. पोरगा तिच्या समोरच उभा होता. ही गोष्ट काकूंच्या तोंडून मी निदान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी त्या आईचा आवाज वेगळा काढायच्या.

त्यांची एक पद्धत होती. खुर्चीत बसवलं की रंगाला हात लावण्याआधी तीन गोष्टी करायला सांगायच्या. चिंच खाल्ल्यासारखं तोंड कर. लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाच. आणि हस. या तिन्ही वेळी चेहऱ्यावर जिथे जिथे घड्या पडतील, तिथे तिथे त्यांची बारीक तपकिरी रेघ पडायची. त्यामुळे त्यांनी केलेले दोन म्हातारे कधी एकमेकांसारखे दिसले नाहीत. केसांना पांढरी पावडर मारून काठी हातात देणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. एका दिग्दर्शकाने घाईत तसं सुचवलं तेव्हा त्या अस्सल मालवणीत कडाडल्या होत्या, “तुका काय वाटता, म्हातारपण म्हणजे पीठ सांडलेला आसा?” त्यांचं लक्ष मानेवर असायचं, कानामागे, हातांच्या पाठीवर. हाताची कातडी दोन बोटांनी ताणून धरायची, तिच्यावर रबराचा चीक लावायचा, पुठ्ठ्याने वारा घालून वाळवायचा आणि मग सोडायचं. सोडलं की कागद चुरगळावा तशा सुरकुत्या पडायच्या. हे शिकायला त्या बँकेत पेन्शनच्या रांगेजवळ तासन् तास बसायच्या, महापालिकेच्या दवाखान्यात बसायच्या, एकदा तर मुलुंडहून वर्सोव्याला जाऊन, बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणींच्या माना बघत दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, “तिथलं म्हातारपण उन्हातलं आहे रे. आपलं मुलुंडचं सगळं ट्यूबलाइटखालचं.”

आणि त्यांची परीक्षा असायची. रंगीत तालमीच्या दिवशी म्हातारा झालेल्या नटाला त्या तशाच वेषात भाजीबाजारात पाठवायच्या. स्वतः दहा पावलं मागे, हातात पिशवी. भाजीवाल्याने ‘काका’ म्हटलं तर नापास, घरी येऊन पुन्हा बसायचं. ‘बाबा’ किंवा ‘आजोबा’ म्हटलं तर पास.

या परीक्षेला मी बसलो ती गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

एकोणीस वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय बेचाळीस, विमा कंपनीत नोकरी, राहायला पहिल्या मजल्यावर. आमची इमारत चार मजल्यांची, जुनी, बिनलिफ्टची. वरच्या मजल्यांवरचे लोक दोन वर्षं लिफ्टसाठी अर्ज करत होते. बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवायला एकच जागा होती, पूर्वेकडची, आणि ती नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होती. सकाळचं सगळं ऊन आमच्या ओट्यावर यायचं. माझी बायको नीलिमा त्या उजेडात डबे भरायची, तांदूळ निवडायची, रेडिओ ऐकायची. तिथे सिमेंटची भिंत उभी राहणार म्हटल्यावर मी काय करणार? मी उघड विरोध कधी केला नाही. फक्त दर वार्षिक सभेत लिफ्टचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘आयत्या वेळच्या विषयां’च्या जेमतेम एक ओळ वर लिहायचो. तिथपर्यंत सभा पोहोचेतो निम्मे लोक जेवायला गेलेले असायचे आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जायचा. यात मी काही चूक करतोय असं मला वाटत नव्हतं. नियमाप्रमाणेच तर चाललं होतं.

त्या वर्षी गणपतीत सोसायटीने एकांकिका बसवली. त्यात पंचाहत्तर वर्षांच्या एका हट्टी आजोबांचं काम होतं आणि ते कुणी घेईना, म्हणून ते सेक्रेटरीच्या गळ्यात पडलं. काकू खूश झाल्या. इतकी वर्षं शेजारी राहून माझं तोंड त्यांच्या तावडीत सापडलं नव्हतं. आदल्या रविवारी दुपारी त्यांनी मला खुर्चीत बसवलं. चिंच झाली, बसचा नंबर झाला, हसून झालं. दोन तास त्या माझ्या चेहऱ्यावर वाकून होत्या. तोंडात बडीशेप, मधूनच गुणगुणणं. रंग झाल्यावर त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज करकचून बांधलं. मी म्हटलं, याची काय गरज आहे, मी वाकून चालेन ना. त्या म्हणाल्या, “वाकून चालायचं नाटक करशील. हे बांधलं की खरंच चालशील.” वर परबकाकांचा जाड भिंगाचा जुना चष्मा नाकावर चढवला. आरशात बघितलं तर माझे वडील उभे होते... त्यांच्याहूनही जरा म्हातारे.

बाजारातली ती अर्धी संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. पहिली पाच मिनिटं मला हसू आवरत नव्हतं. भाजीवाला ‘बाबा, क्या चाहिये’ म्हणाला तेव्हा मी मागे वळून काकूंना डोळा मारला. पास! पण लगेच त्याने टोमॅटो मला निवडू न देता स्वतःच पिशवीत टाकले, आणि भाव सांगताना असा ओरडला, जणू मी भिंतीपलीकडे उभा आहे. दोन मिनिटांनी माझ्या ऑफिसातला एक जण समोरून आला. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि त्याची नजर माझ्यावरून सरळ मागच्या केळीवाल्याकडे गेली. ओळखलं नाही म्हणून नव्हे. त्याने बघितलंच नाही. फुलवाल्याकडे नीलिमा उभी होती, माझी स्वतःची बायको. मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन शेवंतीची फुलं चाचपायला लागलो. तिने पर्स सावरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजोबा, जरा सरकता का?” मी सरकलो. तेव्हा मला त्याची इतकी मजा वाटली की कधी एकदा घरी जाऊन तिला सांगतो असं झालं. मग रस्ता ओलांडायचा होता. रोज मी तो पळत ओलांडायचो. त्या दिवशी मध्यावर पोहोचलो आणि सिग्नल सुटला. चष्म्यातून गाड्या नुसत्या रंगांच्या पट्ट्यांसारख्या दिसत होत्या, गुडघे वाकत नव्हते... कुणीतरी माझा दंड धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. काकू होत्या.

इमारतीत आल्यावर मी बँडेज सोडायला खाली बसणार, तर त्या म्हणाल्या, “थांब जरा. वर सामंत अण्णांना दाखवून ये. जन्मभर हौसेने नाटकं केली त्यांनी, बघून बरं वाटेल. त्यांना आता खाली येता येत नाही ना.” अण्णा म्हणजे चौथ्या मजल्यावरचे सामंत, पोस्टातून निवृत्त झालेले, तेव्हा ऐंशीच्या घरातले. मी विचार केला, चार मजले तर आहेत. दुसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला धरून गेलो. तिसऱ्यावर पोहोचल्यावर पायरीवर बसावं लागलं. काकू आपल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पाणी आणून दिलं, पण बँडेज सोडलं नाही.

चौथ्या मजल्यावर अण्णांच्या सुनेने दार उघडलं. जिन्यात दिवा मिणमिणता. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत वळून हाक मारली, “अण्णा, तुमच्या पोस्टातले कुणीतरी आलेत.” ती परत स्वयंपाकघरात गेली. मी ‘अण्णा, मी हो’ म्हणायला तोंड उघडलं, पण अण्णा तोवर खुर्चीतून उठले होते. दिवेलागणीनंतर त्यांना फार कमी दिसायचं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, “चार मजले चढून आलात? या वयात?” त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला खरं बोलता येईना. मी नुसता बसलो आणि धापा टाकत राहिलो. त्या धापा खऱ्या होत्या.

मग अण्णा बोलत सुटले. मी पोस्टातला नाही, इथलाच जवळचा, असं काहीतरी मी धापेने बसलेल्या आवाजात पुटपुटलो, ते त्यांनी ऐकलं न ऐकलं. आपल्या वयाचं कुणीतरी समोर आहे एवढंच त्यांना पुरे होतं. पाय दुखतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं, सून चांगली आहे पण चहा पातळ करते. मी विचारलं, खाली का नाही येत? ते म्हणाले, “खाली जाता येतं हो. वर येता येत नाही.” एक वर्ष आठ महिने झाले होते. सगळ्यात जास्त कशाची आठवण येते, असं विचारलं, तर मला वाटलं देऊळ म्हणतील, बाग म्हणतील. अण्णा म्हणाले, सलून. “न्हावी घरी येतो, कापून जातो. पण सलूनमध्ये बाकावर बसायचं, आपला नंबर यायची वाट बघायची, पेपर वाचायचा, दुसऱ्यांची भांडणं ऐकायची... त्याला माणसात असणं म्हणतात.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुमच्या सोसायटीने लिफ्ट का नाही बसवली? सेक्रेटरीचा उद्धार ऐकायची माझी तयारी होती.

अण्णा म्हणाले, “सेक्रेटरी वाईट नाही आमचा. त्याच्या बायकोचा ओटा पूर्वेला आहे. लिफ्ट आली की उजेड जाणार. मी त्याच्या जागी असतो ना, तर मीसुद्धा हेच केलं असतं.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठलो. अण्णांनी दारापर्यंत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, पुन्हा या म्हणाले, आणि लगेच स्वतःच म्हणाले, नको, चार मजले आहेत, राहू द्या.

काकूंच्या घरी जाऊन मी खुर्चीत बसलो. त्यांनी कापसावर खोबरेल घेतलं आणि माझा चेहरा पुसायला सुरुवात केली. कपाळ, गाल, मान. मी विचारलं, “काकू, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?” त्या कापूस बदलत म्हणाल्या, “मी फक्त रंग लावला बाबा. जिना तू चढलास.” पुढे एकोणीस वर्षांत मी हाच प्रश्न कितीतरी वेळा विचारला आणि दर वेळी उत्तर हेच मिळालं. खरं काय ते आता कळायचं नाही. मला मात्र वाटतं की त्यांनाही तेवढं सगळं होईल असं वाटलं नव्हतं. अण्णांची सून मला ओळखेल, अण्णा हसतील, मी हसेन, एवढाच त्यांचा बेत असणार. बाकीचं त्या चार मजल्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी माझ्या खऱ्या तोंडाने अण्णांकडे गेलो आणि कालचा म्हातारा मीच होतो हे सांगून टाकलं. वाईट वाटून घेतील, फसवलंस म्हणतील, अशी भीती होती. अण्णा आधी नीट समजेपर्यंत थांबले आणि मग खोकला येईपर्यंत हसले. सून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, “म्हणजे सेक्रेटरीपर्यंत निरोप पोचला म्हणायचा.”

लिफ्ट होऊ द्यायची असं मी ठरवलंय, हे नीलिमाला सांगणं त्याहून अवघड होतं. ओटा तिचा होता, उजेड तिचा होता, आणि म्हाताऱ्याचं सोंग घेऊन तिची खिडकी परस्पर देऊन यायचा मला काय अधिकार? असं ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. दोन दिवस आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्या उन्हात उभी राहून डबा भरत होती. पाठमोरीच म्हणाली, “फुलवाल्याकडे तो तू होतास ना? मी तुला सरका म्हटलं.” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मी बघितलंसुद्धा नाही रे तुझ्याकडे.” डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “ट्यूबलाइट लावू या. पण चांगली, पांढरी. पिवळी नको.”

एकांकिकेचं काय झालं तेही सांगतो. मी तीन वेळा वाक्यं विसरलो. तिन्ही वेळा मी स्टेजवर उभा राहून आढ्याकडे बघत राहिलो, विंगेतून प्रॉम्प्टर जीव तोडून सांगतोय आणि मला ऐकू येत नाही. लोकांना तो अभिनय वाटला. ‘विसरभोळेपणा काय दाखवलाय’ म्हणून टाळ्या पडल्या. काकू विंगेत पदराने तोंड दाबून हसत होत्या.

त्या वर्षीच्या सभेत लिफ्ट हा पहिला विषय होता. तळमजल्यावरच्या दोघांनी कुरकुर केली, पण पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरीच उभा राहिल्यावर त्यांचा जोर गेला. परवानग्या, नकाशे, खोदकाम यात दीड वर्ष गेलं आणि एका शनिवारी लिफ्ट सुरू झाली. नारळ अण्णांच्या हातून फोडायचा म्हणून सगळे खाली जमलो होतो. अण्णा लिफ्टमधून उतरले, इस्त्रीचा शर्ट, पायात नवीन चपला. नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि म्हणाले, चला. कुठे, असं कुणी विचारलं नाही. एका बाजूला काकू, एका बाजूला मी, असे आम्ही त्यांना कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेलो. दुकानात शनिवारची गर्दी. न्हाव्याने त्यांना ओळखून लगेच खुर्ची रिकामी करून दिली, तर अण्णा रागावले. म्हणाले, नंबर लावायला आलोय मी. मग पाऊण तास बाकावर पेपर उघडून बसले. केस कापून झाल्यावरही उठले नाहीत. शेवटी सुनेचा फोन आला. त्यानंतर अण्णा तीन वर्षं होते आणि बहुतेक रोज खाली यायचे.

मंदाकाकूंनी पुढे कामं कमी केली, पण निरीक्षण सोडलं नाही. फक्त आता त्यांना पेन्शनच्या रांगेत जायची गरज उरली नव्हती. स्वतःचंच म्हातारपण त्या अशा कौतुकाने बघायच्या, जसं लोक नवीन भाड्याने घेतलेलं घर बघतात. सत्तरीत असताना एकदा त्यांनी मला घाईने बोलावून घेतलं. मला वाटलं पडल्याबिडल्या. तर त्या आरशासमोर मान वळवून बसल्या होत्या. “हे बघ. कानाखाली या दोन रेघा. इतक्या वर्षांत एकाही म्हाताऱ्याला मी ह्या काढल्या नाहीत. मला ठाऊकच नव्हत्या.” त्यांना स्वतःचा राग आला होता आणि आनंदही झाला होता. जयश्रीच्या मुलाने एकदा फोनवरचं ते ॲप दाखवलं, ज्यात फोटो घातला की माणूस म्हातारा होतो. काकूंनी चष्मा लावून घरातल्या सगळ्यांचे फोटो घालून बघितले. मग फोन परत देत म्हणाल्या, “सगळ्यांना एकच म्हातारपण दिलंय रे यात.”

जाण्याआधी पंधराएक दिवस मी त्यांना भेटायला गेलो होतो. अशक्त झाल्या होत्या, पलंगावरच असायच्या, पण बडीशेप चालू होती. मी बोलत होतो आणि त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माझा चेहरा बघत होत्या. म्हणाल्या, खिडकीकडे तोंड कर. केलं. आता डावीकडे. मी आता एकसष्ट वर्षांचा आहे, आणि मला कळलं की त्या पंचाहत्तरीचा तो जुना म्हातारा आठवून ताडून बघतायत. बऱ्याच वेळाने त्यांनी निकाल दिला. “कपाळ बरोबर आलंय. मानही येईल, अजून चौदा वर्षं आहेत. पण गाल चुकले माझे. मी रेघा खाली ओढल्या होत्या. तुझ्या वर गेल्यात.” मी विचारलं, असं कसं झालं? त्या म्हणाल्या, “तेव्हा तू सेक्रेटरी होतास. इतका हसशील असं वाटलं नव्हतं.”

लिफ्टमध्ये आरसा आहे, तो त्यांच्या हट्टामुळे. कंपनीच्या मूळ नकाशात नव्हता. सभेत मी म्हटलं होतं, लोक टिकल्या चिकटवतील, पोरं रेघोट्या मारतील. काकू म्हणाल्या, मारू देत, पुसणारी मी आहे. आणि खरोखरच दर शनिवारी सकाळी त्या वर्तमानपत्राचा ओला बोळा घेऊन लिफ्टमध्ये उभ्या असायच्या. वर-खाली जाणाऱ्यांना त्या तेवढ्यापुरतं बाजूला सरकवायच्या, चौकशा करायच्या आणि पुसत राहायच्या.

त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी पेपराचा बोळा घेऊन गेलो. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला लिफ्ट हवी कशाला, असं मी एकेकाळी मनाशी म्हणायचो. आता माझे गुडघे बँडेजशिवायच दुखतात आणि मी रोज लिफ्टनेच जातो. पण एका मजल्यात आरसा पुसून होत नाही. म्हणून मी चारचं बटण दाबतो. वर जाईपर्यंत पुसतो आणि खाली येताना बघतो.